चढावर पाणी फेकते म्हणजे हेड गॅस्केटच गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा: अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप, १,८०,००० किलोमीटर झालेली. गुहागरकडून आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाटाने कराडला येते. सपाटीला तापमानाचा काटा मध्यावर असतो. निम्मा घाट चढला की काटा वर सरकतो आणि कूलंटच्या बाटलीतून पाणी बाहेर येतं. ऑइल स्वच्छ, पांढरा धूर नाही. मागच्या दिवाळीत हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बदललं, तेव्हा मिस्त्रीने थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. आता तोच म्हणतो, पुन्हा गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल. उतरवावं का?

लगेच नको. दोन दिवस गाडी उभी राहील आणि लेथवाल्याकडे खेप होईल, ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे एकदा हेड उतरलं की ज्यावर चाचणी करायची तेच हातचं जातं, आणि मग जे काही काळं-निळं दिसेल त्याच्यावर खापर फुटतं. तुमची लक्षणं गॅस्केटची असू शकतात. पण तीच लक्षणं इतरही चार ठिकाणांहून येतात. त्यातल्या एकापायी मी स्वतः दोन वेळा हेड फुकट उतरवलंय, ते पुढे सांगतो.

आधी हे घाटातच का होतं ते बघू. ९० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ भरतं साधारण ६४ चौरस सेंटिमीटर. जुन्या विनाटर्बो डिझेलमध्ये इंधन पेटतं त्या क्षणी दाब ७०-८० बारच्या घरात असायचा, म्हणजे हेडला वर ढकलणारा जोर साडेचार-पाच टन. आजच्या कॉमनरेल टर्बो इंजिनात पूर्ण लोडवर हाच दाब १५०-१६० बारपर्यंत जातो. जोर झाला दहा टनांच्या आसपास, आणि २००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा. हेड जागेवर राहतं ते केवळ बोल्टांच्या ताणावर. हा ताण कुठे थोडा जरी कमी पडला, तर दर ठोक्याला हेड केसाएवढं उचलतं, गॅस पाण्याच्या वाटेत शिरतो आणि हेड परत बसतं. उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी टर्बो खरा बूस्ट (हवेचा जादा दाब) देत नाही, त्यामुळे हे उचलणं होतच नाही. म्हणून गॅरेजात अर्धा तास गाडी चालू ठेवून ‘काही नाही हो’ म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही दिसलेलं नसतं.

ऑइल स्वच्छ आहे याने फार हुरळून जाऊ नका. ‘ऑइलचा चहा झाला’ म्हणजेच गॅस्केट गेलं, ही समजूत जुन्या गाड्यांपासून चालत आलीय. टर्बो डिझेलमध्ये गॅस्केट बहुतेक वेळा सिलिंडर आणि पाण्याच्या भोकाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सुटतं. ऑइलचा तिथे संबंधच येत नाही. उलट पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल झाकणाखाली पांढरट साय जमते, ती नुसती वाफ गोठलेली असते. त्या सायीला घाबरून हेड उतरवलेली माणसं मला माहीत आहेत.

आता तपासणी. सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करा: बाटलीचं किंवा रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९, १.१, १.४ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी १ बारच्या झाकणाखाली १२० अंशांच्या आसपास उकळतं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी असेल तर १२८-१२९ पर्यंत टिकतं. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर चिरलं, की तेच मिश्रण १०७ अंशांना उकळून बाहेर येतं. सपाटीला काही कळत नाही, घाटात पाणी फेकतं. तुमच्या तक्रारीशी तंतोतंत जुळतं की नाही? नवं झाकण टाका, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं टाकून प्रश्न दाबू नका, पुढचा होज फुटेल.

मग सकाळची चाचणी. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन पूर्ण थंड. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येतो का बघा. गार झालेल्या पाण्यात दाब उरायचं कारण नाही. उरला असेल तर तो गॅसचा आहे. पातळी भरून झाकण लावा, गाडी चालू करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज हाताने दाबत राहा. पाणी तापून फुगायला काही मिनिटं लागतात. होज हाताला गारच आहे आणि मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा घट्ट झाला, तर आत गॅस जातोय. पण तुमच्यासारख्या फक्त लोडवर त्रास देणाऱ्या गाडीत ही चाचणी पास होऊ शकते, म्हणून इथेच थांबायचं नाही.

निळ्या औषधाची चाचणी हल्ली बऱ्याच गॅरेजात आहे. बाटलीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो, पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेलमध्ये बहुधा हिरवट. डिझेलवाल्याने एक लक्षात ठेवावं. आयडलला (जागेवर हळू चालू असताना) डिझेल इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, धुरात कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असतो. तेव्हा निळा रंग निळाच राहिला म्हणून गॅस्केट चांगलं आहे असं ठरत नाही. लोडवर चालवून आणून, झाकण सुरक्षितपणे उघडण्याइतकी गाडी निवू द्या आणि मग पाण्यावर साचलेली हवा तपासा.

टर्बोसाठी मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो दाबाच्या घड्याळावर. कूलंटच्या एखाद्या बारीक होजला टी (तीन तोंडांचा जोड) जोडायची, तिला लांब दाबाची नळी आणि तिच्या टोकाला ० ते ३ बारचं घड्याळ. ते काचेच्या बाहेर, वायपरपाशी घट्ट बांधायचं. केबिनमध्ये अजिबात आणू नका. नळी सुटली तर उकळतं पाणी मांडीवर येईल. आता गाडी भरून घाटाला लावा, शेजारी एक माणूस घड्याळ बघायला. तापमान हळूहळू वाढतं तसा दाबही हळूहळू वाढला तर ते साधं फुगणं आहे, म्हणजे गाडी खरोखर गरम होतेय आणि दोष थंड करणाऱ्या बाजूला आहे. पण तापमान तेवढंच असताना अॅक्सिलरेटर दाबला की घड्याळाचा काटा उडी मारत असेल, तर गॅस शिरतोय. आधी गरम होऊन मग पाणी फेकतं, की आधी पाणी फेकून मग गरम होतं, या एका प्रश्नावर सगळं निदान उभं आहे. डॅशबोर्डचा काटा याचं उत्तर देत नाही, कारण आजकालचा काटा ७५-८० पासून शंभरीपर्यंत मुद्दाम मध्यावरच थांबवलेला असतो. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावा, खरा आकडा मोबाइलवर दिसेल. आणि काटा वर जाऊन अचानक खाली आला तर हुश्श करू नका. पाणी संपून सेन्सर वाफेत उघडा पडलेला असू शकतो.

गॅस शिरतोय हे सिद्ध झालं तरी अजून हेडला हात लावायचा नाही.

माझी चूक इथलीच. काही वर्षांपूर्वी एक टर्बो डिझेल जीप आली, तक्रार जवळपास तुमचीच. निळ्या औषधाने रंग बदलला, होज घट्ट होत होता. गॅस्केट बदललं. पंधरा दिवसांत गाडी परत. मला वाटलं फेसिंग (हेडचा पृष्ठभाग लेथवर सपाट करणं) नीट झालं नसेल. पुन्हा उतरवलं, दुसऱ्या लेथवर नेलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. दोष निघाला ईजीआर कूलरमध्ये. हा कूलर म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर गार करून परत इंजिनात सोडणारी छोटी पेटी, आत पाण्याच्या आणि धुराच्या वाटा शेजारी-शेजारी. टर्बो गाडीत टर्बाइनच्या आधी धुराचा दाब तुंबलेला असतो. लोडवर तो पाण्याच्या दाबालाही मागे टाकतो. कूलरला चीर पडली की चढावर धूर पाण्यात शिरतो आणि गाडी बंद केली की पाणी धुराच्या वाटेत उतरतं. निळं औषध, घट्ट होज, लोडवरची उडी, सगळं गॅस्केटसारखंच. मालकाकडून दुसऱ्या खेपेची मजुरी घेतली नाही, पण त्याचा ऊस तोडणीचा महिना गेला तो गेलाच.

तेव्हापासूनचा नेम: कूलरचे दोन्ही पाण्याचे होज काढून एकमेकांना जोडायचे, धुराच्या वाटेला पत्र्याची ब्लँक लावायची आणि घड्याळासकट घाटात एक फेरी मारायची. उडी थांबली तर हेड वाचलं. (ही ब्लँक चाचणीपुरतीच. चाचणी झाली की काढायची.)

दुसरा संशयित नोझलची (सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या भागाची) तांब्याची स्लीव्ह. काही इंजिनांत नोझल थेट पाण्यातून जाणाऱ्या स्लीव्हमध्ये बसतं. तिचं खालचं टोक सुटलं की सिलिंडरचा गॅस सरळ पाण्यात. ट्रक आणि बसमध्ये तिसरा एक संशयित असतो, जो नवख्याला आठवतच नाही: ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. त्याच्या हेडला इंजिनचंच पाणी फिरतं, आणि त्याचं छोटं गॅस्केट गेलं की पाण्यात हवा येते. तिथे बुडबुडे येतात पण औषधाचा रंग बदलत नाही, कारण ती नुसती हवा असते. चौथी गोष्ट हेडलाच गेलेली चीर, सहसा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये. ती हेड उतरवल्यावरच कळते, पण मनात असावी.

हे सगळं सुटलं तर शेवटची खात्री हवेने करा. हीटर प्लगच्या (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून एकेका सिलिंडरला ६-७ बार हवा सोडायची, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, गाडी गिअरमध्ये अडकवलेली. बाटलीत बुडबुडे आले तर सिलिंडर सापडला. आले नाहीत तरी गॅस्केट निर्दोष सुटत नाही: १६० बारला उघडणारी फट ७ बारला उघडेलच असं नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखंच कमी असेल तर गॅस्केट त्यांच्या मधल्या भिंतीवर गेलंय, त्यात फारसा वाद नाही.

समजा, तुमचं गॅस्केटच निघालं. मग खरा प्रश्न वेगळाच आहे: सात-आठ महिन्यांत दुसऱ्यांदा का? चांगलं गॅस्केट आपणहून जात नाही. एकतर कोणीतरी गाडी उकळवली, नाहीतर सिलिंडरमधला दाब वाढवला, नाहीतर बसवताना चूक झाली.

उकळण्याचं गणित साधं आहे. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. अर्ध्या मीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ०.९ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, खालचा ब्लॉक ०.४५. म्हणजे रोजच्या वापरातही गॅस्केटवर दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकत असतात. स्टीलचे थर असलेलं गॅस्केट याच सरकण्यासाठी बनवलंय. गाडी उकळली की हेडला बोल्ट फुगू देत नाहीत, मग ते वाकतं. फार उकळली तर अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि बोल्टचे वॉशर त्यात रुततात. असं हेड फेसिंग मारून सपाट दिसेल, ताण धरणार नाही. लेथवाल्याला टणकपणा तपासायला सांगा आणि गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने चीर तपासायला सांगा. फेसिंगच्या आधी, नंतर नाही.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण गार हवं आणि बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत. गरम हेड खोलणं म्हणजे ते स्वतःच्या हाताने वाकवणं. निघालेलं गॅस्केट पुसून कोपऱ्यात भिरकावू नका. काळा माग कुठून कुठे गेलाय ते बघा. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या असतील तर कूलंट आम्लधर्मी झालं होतं किंवा नुसतं बोअरवेलचं पाणी भरलं जात होतं. एकाच सिलिंडरभोवतीची कडी ठोकल्यासारखी चेपली असेल तर त्या सिलिंडरचं नोझल तपासल्याशिवाय काहीही बसवू नका. ठिबकणारं नोझल एकट्या सिलिंडरचा दाब आणि ताप वाढवतं.

बसवताना आमच्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे ग्राइंडरला खरखरीत चकती लावून ब्लॉक ‘साफ’ करणं. चकचकीत होतो खरा, पण त्यात बोटाला न कळणारे खड्डे पडतात आणि चकतीची भुकटी ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, जुन्या ग्रॅफाइटच्या गॅस्केटपेक्षा बराच. सपाटी सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पानांनी) उभी, आडवी, तिरकी तपासायची, ०.०५ मिलिमीटरचं पान कुठेही शिरता कामा नये. काही डिझेल हेडांना फेसिंगच चालत नाही, मॅन्युअल बघा.

जाडी हा तुमच्या गाडीतला माझा मोठा संशय. डिझेलचं गॅस्केट एकाच गाडीला तीन-चार जाड्यांत मिळतं. कडेला खाचा किंवा भोकं असतात ती त्यासाठीच. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने चारही सिलिंडरांचं मोजायचं, सगळ्यात जास्त येईल त्यावरून जाडी ठरवायची. ‘जुन्याला दोन खाचा होत्या, दोन खाचांचंच आणलं’ हे फेसिंग न झालेल्या, कधीच न उघडलेल्या इंजिनात चालेल. इतर ठिकाणी नाही.

आणि बोल्ट. टॉर्क देऊन मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असा कोन द्यायचे बोल्ट लवचिकतेच्या टोकापर्यंत ताणलेले असतात. बहुतेक गाड्यांत ते एकदाच वापरायचे. दिवाळीच्या बिलात बोल्टांची ओळ आहे का, काढून बघा. नसेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. ब्लॉकमधली बोल्टांची भोकं हवेने कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर पाना टॉर्क दाखवतो, पण बोल्टने दाबलेलं असतं ते पाणी. ताण येतच नाही, आणि नशीब फुटकं असेल तर ब्लॉकला चीर जाते. कंपनीने सांगितल्याशिवाय गॅस्केटला कोणतीही पेस्ट लावायची नाही.

आता थर्मोस्टॅट. तो काढला की गाडी गार राहते, हा समज माझ्या गुरूचाही होता. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा खालचा पाय बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा, आणि गरम पाण्यातला मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाताच इंजिनात फिरत राहतो. सपाटीला गाडी गरजेपेक्षा थंड, घाटात गरम. तो आजच परत बसवा.

घाटाआधी एकदा एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर पुढे सरकवून रेडिएटर बघा. टर्बो गाडीत हे तिन्ही एकामागे एक असतात. पुढून पाणी मारलं की पहिली जाळी चकचकते आणि मधल्या फटीत पाचट, चिलटं, चिखल यांची गादी तशीच राहते. पंख्याचं व्हिस्कस कपलिंगही (गरम झाल्यावर पंखा इंजिनला जखडणारा जोड) गरम असताना तपासा. इंजिन बंद केल्यावर पंखा सैल गरगरत राहिला तर तो घाटात नुसता शोभेचा आहे. रेडिएटरात हळद, अंडं किंवा लीक बंद करणारी पावडर घातली असेल तर तसं सांगून टाका, कोणी रागावणार नाही. पण मग रेडिएटर खोलूनच साफ करावा लागेल.

गाडीचा जोर वाढवायला चिप किंवा रीमॅप (इंजिनच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये बदल) केलाय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. केला असेल तर वर सांगितलेले दहा टन विसरा, आकडा त्याहून पुढे गेलाय, आणि नवं गॅस्केट किती टिकेल याची हमी मी तरी देणार नाही. चिप नसतानाही टर्बोची पाती किंवा अॅक्च्युएटर अडकून बूस्ट वाढू शकतो. तो ओबीडीवर दिसतो.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच: तिथे शत्रू आहे कमी आरपीएमला, जास्त गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंधन वेळेआधी पेटणं. २०२० साली आलेला इंजिन ऑइलचा एपीआय एसपी दर्जा या धोक्याचाही विचार करून ठरवलाय. मॅन्युअलमधला ग्रेड आणि हा दर्जा दोन्ही बघून ऑइल घ्या.

डिझेललाही चौथ्या गिअरवर रडत चढवू नका. सिलिंडरमधला दाब जास्तीत जास्त असतो तो असा लोड ओढताना, आणि नेमका तेव्हाच पंप आणि पंखा हळू फिरत असतात. एक गिअर खाली घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या, वेग कमी झाला तरी चालेल. काटा हललाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, आणि पहिल्या रुंद जागेला थांबा. पाणी आहे आणि काटा उतरतोय तोवर इंजिन आयडलला चालू ठेवा. वाफ किंवा पाणी गेल्याचं दिसलं तर लगेच बंद करा. झाकण उघडू नका, गार पाणी ओतू नका.

तेव्हा क्रम असा ठेवा: झाकण, थर्मोस्टॅट, रेडिएटरची मधली फट, मग घड्याळ बांधून भरल्या गाडीने घाट, मग ईजीआर कूलर बाजूला काढून पुन्हा घाट. पहिल्या तिघांतच काम झालं तर हंगाम चालू ठेवा. उडी शेवटपर्यंत टिकली तर मात्र पुढची पेटी न भरता हेड उतरवा, आणि लेथवाल्याकडे जाताना दिवाळीतलं बिल आणि निघालेलं गॅस्केट, दोन्ही बरोबर न्या.